तीन ओळींचं चरित्र

साशंक : इंग्रजीतून हायकू लिहिणाऱ्या भारतीय कवींचं आयुष्य आणि लेखन तारीखवार नोंदवून ठेवायचं, हा तुमचा बेत मला कळला. सुरुवात चंदीगडच्या डॉ. अंजली देवधरांपासून करायची, हेही कळलं. माझी पहिली हरकत माणसांवरून नाही, हायकूच्या प्रकृतीवरून आहे. हा काव्यप्रकार कवीला बाजूला व्हायला शिकवतो. समोर काय घडलं तेवढं ठेवायचं. पाहणाऱ्याचं मत, त्याचं दुःख, त्याची विद्वत्ता ओळींच्या बाहेर ठेवायची. ही शिस्त अंगी बाणायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. ती बाणली की आपण मागून जाणार आणि त्याचं जन्मगाव, लग्न, नोकरी, आजारपण गोळा करून त्याच तीन ओळींना बांधणार. त्यानं जे जाणून वगळलं तेच आपण परत आणणार. शिवाय आपल्या मातीत याच्या उलट उदाहरण आहे. गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या गाथा, याच गोदावरीच्या खोऱ्यातल्या माणसांच्या. शेत राखणारी मुलगी, परगावी गेलेला नवरा, पहिला पाऊस. काही गाथांपुढे टीकाकारांनी कवींची नावं दिली आहेत, त्यांत बायकांचीही आहेत. नावापलीकडे त्यांच्याविषयी आपल्याला काहीही माहीत नाही. तरी त्या गाथा आपल्यापर्यंत पोचल्या, आणि वाचताना कुठे काही उणं आहे असं वाटत नाही. चरित्राशिवाय कविता इतकी वर्षं तगते, तर तुमच्या दप्तराची गरज कवितेला आहे की आपल्याला?

आग्रही : गाथांचं नाव काढलंत, तर आधी पांडवलेण्यांत जाऊ. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च कोणत्या रकमेतून व्हायचा, तेही लिहिलं आहे. इतक्या वर्षांपूर्वीच्या नाशिकमधल्या ठेवीचा व्याजदर आपल्याला ठाऊक आहे, आणि शेत राखणाऱ्या मुलीवर गाथा रचणारी बाई कोणत्या गावची, हे ठाऊक नाही. हा कवितेच्या स्वयंपूर्णतेचा पुरावा तुम्ही मानता. मला त्यात एवढंच दिसतं की नोंद कोणाची व्हायची हे नेहमी कोणीतरी ठरवतं, आणि दाता, राजा, क्षत्रप यांच्या नोंदी दगडात होतात. आणखी एक. गाथा आपोआप तगल्या नाहीत. कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असं तो ग्रंथच सांगतो. अतिशयोक्ती सोडून दिली तरी निवडणारा, उतरवून घेणारा, जपणारा कोणीतरी होता. उरलेल्या गेल्या.

आता देवधरांकडे या. पेशानं नेत्रशल्यचिकित्सक. हायकू, गद्यासोबतचा हायकू म्हणजे हायबुन, आणि चित्रासोबतचा हायकू, हे तिन्ही प्रकार त्यांनी इंग्रजीत हाताळले. ‘जर्नीज’ नावाचे हायबुनचे तीन आंतरराष्ट्रीय संग्रह संपादित केले, २०१४, २०१५ आणि २०१७ साली. जपानी अभिजात कविता त्यांनी हिंदीत आणली. २०१८ मध्ये त्या गेल्या. असा कवी एका वेळी एक हायकू छापतो. एक अमेरिकेतल्या त्रैमासिकात, एक इंग्लंडमधल्या, एक जपानी वृत्तपत्राच्या इंग्रजी हायकू-स्तंभात. त्यातली पुष्कळ नियतकालिकं दोन-चार माणसांच्या हौसेवर चालतात आणि ती माणसं थकली की बंद पडतात. काही तर फक्त इंटरनेटवर होती. त्यांच्या संकेतस्थळाचं भाडं भरणारा राहिला नाही की जुने अंक मिळायचे थांबतात. म्हणजे ग्रंथालयाच्या फडताळात सापडेल असं पुस्तक पुष्कळदा नसतंच. गाथेला त्या निवडणारा हाल राजा भेटला. इथे कोण आहे?

साशंक : मग लेखनाची सूची करा, त्याला माझा विरोध नाही. कोणता हायकू कुठे, कधी छापून आला, पाठ काय, पुढे बदलला का, हे काम झालंच पाहिजे, आणि ते कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही. माझा विरोध ‘आयुष्य’ या भागाला आहे. तुम्ही आत्ता सांगितलंत की देवधर डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. उद्या तुमच्या दप्तरावरून कोणीतरी लेख लिहील, आणि त्याचं पहिलं वाक्य मी आजच सांगतो : डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांनी लिहिलेल्या म्हणून या ओळींत सूक्ष्म दृष्टी आहे. खोटं काही नाही, फक्त या वाक्यानंतर वाचक कविता वाचायचं थांबवतो, कारण त्याला उत्तर मिळालेलं असतं. शिरीष पैंचं काय झालं पाहा. मराठीत हायकू रुजवणारी कवयित्री. कादंबऱ्या लिहिल्या, आठवणी लिहिल्या, ‘ध्रुवा’पासून हायकूंचे संग्रहामागून संग्रह दिले. परिचय मात्र सुरू होतो आचार्य अत्र्यांची कन्या इथून. मग ओघानंच पुढचं वाक्य येतं, की वडील मैदानं गाजवणारे आणि मुलगी तीन ओळींत बोलणारी. असली जुळणी चरित्रलेखकाला सुचतेच, आणि तिच्यामुळे हायकूतला पाऊस, कावळा, खिडकी ही सगळी अत्र्यांच्या घराचं सामान होऊन बसतात.

याहून वाईटही घडतं. जपानमधल्या कागाच्या चियो-नीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. अठराव्या शतकातली मोठी कवयित्री. तिच्या नावावर चतुर पकडणाऱ्या मुलाचा एक हायकू जगभर सांगितला जातो, आणि त्याबरोबर कथा, की आपलं मूल गेल्यावर तिनं तो लिहिला. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. प्रत्यक्षात तो हायकू तिचाच आहे याला भक्कम आधार सापडत नाही, आणि तिला मूल होतं की नाही हेही पक्कं नाही. म्हणजे वाचकांना आयुष्य हवं होतं म्हणून ते तयार केलं गेलं, आणि त्या आयुष्याला शोभेल असा हायकू तिच्या पदरात घातला गेला. तिचे जे खरे हायकू आहेत ते या एका कथेमागे राहिले.

आग्रही : चियो-नीची कथा माझ्याच बाजूनं उभी राहते. कथा फोफावली कारण नोंद नव्हती. मोकळी जागा लोक भरून काढतात, आणि नेहमी हळव्या गोष्टीनं भरतात. नोंद असती तर ती कथा पहिल्याच पिढीत थांबली असती.

आणि तिच्या शेजारी जपानी कवी इस्सा ठेवा. दवावरचा त्याचा हायकू. आयुष्य माहीत नसताना वाचला तर तो एखाद्या कीर्तनातल्या वाक्यासारखा वाटतो. जग नश्वर आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यात नवीन काय? मग कळतं की १८१९ साली त्याची सातो नावाची मुलगी देवीच्या साथीत गेली, तिचं वय वर्षाच्या थोडं पुढे होतं, आणि त्या वर्षाच्या गद्यपद्य वहीत इस्सानं स्वतः हे सगळं लिहून त्या ओघात तो हायकू ठेवला आहे. त्यानंतर ती शेवटची ओळ, जिथे तो शिकवलेलं तत्त्वज्ञान मान्य करून पुन्हा अडखळतो, ती वेगळी ऐकू येते. इथे आयुष्य कोणी बाहेरून चिकटवलेलं नाही. कवीनंच ते शेजारी मांडून ठेवलं होतं. नंतरच्या संकलनांनी हायकू उचलला आणि गद्य सोडून दिलं. तुम्ही म्हणता कवी आयुष्य वगळतो. जपानी परंपरेत कवी पुष्कळदा ते हायकूच्या डोक्यावर टीपेत ठेवतो, कुठे, कोणासोबत, कोणत्या प्रसंगी. हायबुन हा प्रकार त्यातूनच वाढला, आणि देवधरांनी तीन मोठे संग्रह काढले ते नेमके हायबुनचे.

आणि त्यांनी हिंदीत काय आणलं, ते सांगायचं राहिलं. मासाओका शिकीचं आयुष्य आणि त्याचे हायकू सांगणारं पुस्तक. शिकी १८६७ मध्ये जन्मला, क्षयानं मणका खाल्ला, पस्तिशी गाठायच्या आत गेला. अंथरुणाला खिळल्यावर त्या सहा फुटांच्या जागेतून तो वर्तमानपत्राला रोजचं टिपण देत राहिला, मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत. आणि याच शिकीनं बुसोनला कवी म्हणून पुन्हा उजेडात आणलं. तोवर लोक बुसोनला मुख्यतः चित्रकार मानत होते. शिकी आणि त्याचे मित्र जुन्या संग्रहांमधून त्याचे हायकू शोधत, नकलून काढत बसले. म्हणजे शिकीनं बुसोनची नोंद केली, त्याच्या मात्सुयामा गावच्या लोकांनी शिकीची केली, देवधरांनी ती हिंदी वाचकाला दिली. या साखळीत पुढची कडी देवधरांची स्वतःची असावी, यात मला काही अनुचित दिसत नाही.

साशंक : साखळी सुंदर आहे, पण तिच्यातली एक कडी तुम्ही सोडली, बाशोची. १६८९ मध्ये बाशो उत्तरेकडच्या लांबच्या वाटेला निघाला, सोरा नावाचा शिष्य सोबत होता. त्या प्रवासावर बाशोनं पुढे पाच वर्षं घासूनपुसून पुस्तक केलं, जपानी गद्यातलं एक शिखर. सोरा मात्र रोजची साधी डायरी लिहीत होता : आज इथे, हवा अशी, मुक्काम अमक्याकडे. ती डायरी छापून आली १९४३ मध्ये. मग अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं आणि तारखा जुळेनात, हवामान जुळेना. इचिबुरीच्या धर्मशाळेत दोन गणिका भेटल्या, त्यांनी सोबत न्या म्हणून विनवलं, हा पुस्तकातला सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग. सोराच्या डायरीत त्याचा मागमूस नाही. तुम्ही आत्ता म्हणालात की कवीची टीप हा आयुष्याचा पुरावा. बाशोनं ती टीप रचली. मग इस्सानं वहीत लिहिलेल्या दुःखावर किती विश्वास ठेवायचा? आणि देवधरांच्या हायबुनमधल्या प्रवासावर? तुमचं दप्तर या लेखनाला पुरावा मानणार की कविता? पुरावा मानलं तर कवितेवर अन्याय. कविता मानलं तर त्यातून आयुष्य काढता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या नाशिकची. लक्ष्मीबाई टिळक इथल्या जलालपूरच्या, आणि १९३६ मध्ये गेल्या त्याही नाशिकातच. ‘स्मृतिचित्रे’ हे एका कवीच्या, त्यांच्या नवऱ्याच्या, आयुष्याचं मराठीतलं सर्वांत जिवंत दप्तर. आज रेव्हरंड टिळक कसे चिडत, घर सोडून कसे निघून जात, हे ज्याला सांगता येतं, त्याला त्यांच्या किती कविता सांगता येतात? पुस्तक थोर आहे, माझ्या लेखी मराठी गद्यात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण ज्याच्यासाठी नोंद सुरू झाली त्याच्या कवितेवरून ती पुढे निघून गेली. टिळकांची कविता तर पुष्कळ आणि पसरट आहे, तिची ही गत झाली. तीन ओळींची काय होईल?

आग्रही : लक्ष्मीबाईंचं उदाहरण मला टोचतं, आणि त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. चांगलं लिहिलेलं आयुष्य कवितेला झाकू शकतं, हे मान्य. एवढंच म्हणतो की टिळकांच्या कविता कमी वाचल्या जातात त्याचा दोष ‘स्मृतिचित्रे’वर टाकता येत नाही, ते पुस्तक नसतं तर त्या कविता जास्त वाचल्या गेल्या असत्या, असं मानायला काही आधार नाही.

सोराच्या डायरीबद्दल मात्र मी उलट टोकाला आहे. ती नसती तर आपण हायकू म्हणजे डोळ्यांसमोरच्या क्षणाची प्रामाणिक नोंद, असंच धरून बसलो असतो. तुम्ही बोलायला सुरुवात केली तीच ही कल्पना धरून, की समोर घडलं तेवढं ठेवायचं. बाशो तसं करत नव्हता. तो बदलत होता, हलवत होता, लागला तर प्रसंग रचत होता. १९९६ मध्ये त्याच्या हातची प्रत म्हणून जे हस्तलिखित पुढे आलं, त्यावर ठिकठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवून मजकूर दुरुस्त केलेला आहे. हायकू सहज सुचतो असं समजून रोज दहा-दहा लिहिणाऱ्यांना ते तुकडे दाखवले पाहिजेत. कारागिरी कळायला कवितेच्या बाहेरचा कागद लागला, आणि तो एका शिष्यानं नीट ठेवला म्हणून मिळाला. लेखन पुरावा की कविता, असा पेच तुम्ही टाकलात. सोरा शेजारी असेल तर निवडावं लागत नाही. दोन्ही समोर ठेवायचं आणि मधलं अंतर वाचायचं.

म्हणून मला हवं असलेलं दप्तर जन्म-लग्न-मृत्यूचं कमी आणि हवेचं, जागेचं, ऋतूचं जास्त आहे. हायकू ऋतूवर उभा असतो. जपानात ऋतुसूचक शब्दांचे कोश आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. अमेरिकेच्या विल्यम हिगिन्सननं १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या कवींचे हायकू घेऊन जगाचं तसं पंचांग करून पाहिलं. आता नाशिकचा कोणी इंग्रजीत तीन ओळी लिहितो, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं. इथल्या माणसाला गंगापूर धरणाचा विसर्ग, रामकुंडावरून हललेल्या टपऱ्या, पुलावर जमलेली गर्दी, सगळं एकदम दिसतं, कारण शहर पुराची उंची त्या मूर्तीवरच मोजतं. टोकियोतल्या किंवा टेक्ससमधल्या वाचकाला एक बुडती मूर्ती दिसते, आणि कदाचित तो तिला काहीतरी धार्मिक सूचन समजतो. किंवा रंगपंचमीला उघडलेली रहाड घ्या. वर्षभर माती आणि फळ्यांखाली बुजलेला पेशवेकालीन हौद, एका दिवसासाठी रंगानं भरलेला. किंवा निफाडच्या द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्या, पारा उतरला की घड वाचवायला. या गोष्टी मराठीतही नाशिकबाहेर समजावून सांगाव्या लागतात. पन्नास वर्षांनी मूर्तीपर्यंत पाणी येणंच थांबलं, तर इथल्या वाचकालाही लागतील. त्या तीन ओळींना तारीख आणि जागा जोडली तर कवीच्या खाजगीपणाला धक्का कुठे लागतो?

साशंक : ही टीप मला मान्य आहे, मनापासून. पण मग एक सरळ प्रश्न विचारतो. ज्याला दुतोंड्या मारुती माहीत आहे त्याच्याशी बोलायचं सोडून, ज्याला समजावून सांगावं लागतं त्याच्यासाठी कवी लिहितोच का? मी भाषेच्या अभिमानातून बोलत नाही. अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’ इंग्रजीत लिहिली म्हणून ती मला परकी वाटत नाही. पण कोलटकर मराठीतही तेवढ्याच ताकदीनं उभे होते, त्यांचा वाचक इथे होता, त्यांच्या कागदांची काळजी करणारे मित्र इथे होते. कुसुमाग्रजांचं टिळकवाडीतलं घर आपण जपलं, त्यांचा जन्मदिवस भाषेचा दिवस म्हणून पाळतो. ते नुसत्या ठरावानं घडलं नाही, त्यांच्या ओळी पाठ असलेल्या माणसांमुळे घडलं. इंग्रजी हायकूच्या भारतीय कवीच्या ओळी इथे कोणाला पाठ आहेत? त्याचे वाचक म्हणजे बहुतांशी दुसरे हायकू लिहिणारे, जगभर विखुरलेले. ते वर्तुळ स्वतःच लिहितं, स्वतःच वाचतं, स्वतःच पुरस्कार देतं. अशा वर्तुळानं स्वतःचं दप्तरही स्वतःच ठेवावं. आपल्या सार्वजनिक वाचनालयानं, जे १८४० पासून उभं आहे, त्यानं का ठेवावं?

आग्रही : वर्तुळानं ठेवलंही आहे, अमेरिकेत. सॅक्रामेंटोला कॅलिफोर्नियाच्या राज्य ग्रंथालयात १९९६ पासून अमेरिकन हायकूचं स्वतंत्र दप्तर आहे. पण वर्तुळ पुरत नाही, आणि त्याचं उदाहरण न्यू जर्सीतल्या कॅम्डनचं आहे. हायकूकार निक व्हर्जिलिओ त्याच पडझड झालेल्या कारखान्यांच्या गावात आयुष्याचा बहुतेक काळ राहिला. धाकटा भाऊ लॅरी १९६७ मध्ये व्हिएतनामात मारला गेला, त्यानंतर तो वर्षानुवर्षं त्या एका मृत्यूवर तीन-तीन ओळी लिहीत राहिला. १९८९ मध्ये दूरदर्शनवरच्या मुलाखतीचं चित्रण चालू असतानाच हृदयविकारानं गेला. त्याचे कागद कोणी जपले? तिथल्याच रटगर्स विद्यापीठानं. त्याच्या नावानं लेखकांचं घर उभं राहिलं तेही कॅम्डनमध्ये, जिथे बहुतेकांनी हायकूचं मासिक कधी हातात धरलेलं नसेल. शहरानं त्याला आपला मानला, कारण त्यानं शहर पाहिलं होतं.

आणि इंग्रजी आपल्या हायकूला परकी कधीच नव्हती. रवींद्रनाथ १९१६ मध्ये जपानला गेले आणि त्यांनी बाशो बंगालीत आणला, तो रस्ता वेगळा. मराठीत हायकू आला तो इंग्रजी भाषांतरांच्या दारातून. शिरीष पैंनी तो स्वतःचा केला, तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोन पुष्कळदा यमकानं बांधल्या, जे जपानी हायकूत नसतं. शांताबाई शेळक्यांनी जपानी हायकूंचा अनुवाद ‘पाण्यावरल्या पाकळ्या’ केला. आज मराठी हायकू म्हटलं की यमक कानात येतं. ते का आलं? ओवीच्या सवयीनं, गाण्याच्या कानानं, की मधल्या एखाद्या इंग्रजी अनुवादकाच्या यमकांमुळे? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण एक परदेशी प्रकार मराठी कसा झाला याचं उत्तर त्यात आहे. उत्तर शिरीष पैंच्या वाचनात होतं, समासातल्या खुणांत होतं, खर्ड्यांत होतं. पुण्यात कला रमेश यांनी कित्येक वर्षं विद्यापीठातल्या मुलांना इंग्रजीतून हायकू शिकवला, त्या मूळच्या शास्त्रीय संगीताच्या. त्यांच्या वर्गातून उठलेलं एखादं मूल उद्या मराठीत लिहील. त्या दिवशी मराठी समीक्षकाला पुण्यातल्या इंग्रजी हायकूचं दप्तर लागणार आहे, आणि तेव्हा ते शोधायला सॅक्रामेंटोला जावं लागू नये.

साशंक : यमकाचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी समासातल्या खुणा जपाव्यात असं मीही म्हणेन. म्हणजे आपण कुठवर आलो, तर पाठ, तारीख, जागा, ऋतू, खर्डा, वाचन. इथवर मी तुमच्या सोबत आहे. पण तुमचा इस्सा या यादीत बसत नाही. सातोचा मृत्यू ही ना तारीख आहे ना ऋतू. तो एका माणसाच्या घरातला आघात आहे. तो सांगितला तर हायकू उघडतो, असं तुम्ही दाखवलंत, आणि मला ते खोडता आलेलं नाही. पण इस्सानं स्वतः सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं नाही त्याचं काय? आजारी माणसानं आजाराचं नाव न घेता शेकडो ओळी लिहिल्या, घरच्यांना ठाऊक आहे, वाचकाला नाही. नोंदवायचं? रिचर्ड राईटचं घ्या. पॅरिसला, आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात, आजारपणात, त्या झुंजार कादंबरीकारानं सुमारे चार हजार हायकू लिहिले, आणि त्यांतले ८१७ स्वतः निवडले. १९६० मध्ये गेला, संग्रह निघाला १९९८ मध्ये. त्यानं निवडलेले छापले, ठीक. बाकीच्या तीन हजारांवर त्यानं काट मारली होती. ते सांभाळून ठेवले आहेत म्हणजे कधीतरी कोणीतरी छापणार. त्यानं बाजूला काढलेलं त्याच्या नावावर परत येणार. हायकूच्या कवीची खरी सही लिहिण्यात नसते, टाकण्यात असते. तुमचं दप्तर टाकलेलंही ठेवतं.

आग्रही : ठेवतं, आणि ठेवलंच पाहिजे, कारण टाकण्यातली सही वाचायची तर टाकलेलं कुठेतरी असावं लागतं. तीन हजार जळाले असते तर ८१७ ची निवड आपल्याला आंधळेपणानं मान्य करावी लागली असती. पण ठेवणं आणि छापणं यांत अंतर किती, ते कोण राखणार, घरचे, ग्रंथपाल की काळ, हे मला सांगता येत नाही. मी कवीला विचारावं असं म्हणेन. विचारायला कवी असला पाहिजे.

साशंक : आणि त्यानं नको म्हटलं तर?

आग्रही : तर नको म्हणाला, एवढं तारखेसह लिहून ठेवीन, आणि थांबेन.

साशंक : मी पुढे जाऊन विचारतो, मॅक्स ब्रॉड थांबला नाही, काफ्काचं सगळं लेखन, काफ्काच्याच इच्छेप्रमाणे, त्यानं जाळायचं होतं. आपण त्याचे आभार मानतो. तुम्ही थांबणार असाल तर तुमच्या दप्तरात काफ्का नसेल. मी थांबा म्हणतो आहे, आणि काफ्का मलाही हवा आहे. इथे माझं माझ्याशीच पटत नाही.

आग्रही : तो प्रश्न असाच राहील, तोवर काम अडायला नको. शिरीष पै २ सप्टेंबर २०१७ ला गेल्या, अंजली देवधर त्याच्या पुढच्या वर्षी. दोघींना ओळखणारी, त्यांच्याशी पत्रव्यवहार असलेली, त्यांच्याकडून हायकू दुरुस्त करून घेतलेली माणसं आज हयात आहेत आणि वीस वर्षांनी नसतील. काय छापायचं हा वाद तेव्हाही घालता येईल, कागद मात्र तेव्हा जमवता येणार नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी अशा कवीची पत्रं, वह्या, खर्डे, समासात लिहिलेली पुस्तकं आहेत, त्यांना माझी विनंती आहे : रद्दीवाला यायच्या आधी ती वेगळी काढा, प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि गाव लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयात जाऊन विचारा.